वाळवणीच्या खोलीतली रंगीत तालीम

नणंदेचा फोन आला तेव्हा वहिनी ओल्या चादरीचं एक टोक धरून उभी होती आणि दुसरं टोक नवऱ्याच्या हातात होतं. फोन घ्यायला तिने आपलं टोक सोडलं, ते थेट फरशीवर पडलं, आणि नवरा ओरडला. पण पलीकडून नणंद त्याहून मोठ्याने ओरडत होती, त्यामुळे त्याचं कोण ऐकतंय!

"वहिनी, हॉटेलचं काम मिळतंय! अख्ख्या हॉटेलच्या चादरी, टॉवेल, सगळं! पण मला एकटीला नाही झेपायचं. हाताखाली घरची माणसं आहेत का विचारतायत. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचंय. तुम्ही तिघं या, दुकानाला कुलूप लावा आणि या!"

आता 'वहिनी' हे काही तिचं नाव नव्हे. पण स्वतःच्या लग्नाआधी नणंद धुलाईच्या दुकानाच्या फळीशी बसायची आणि "वहिनी, डॉक्टरांचा कोट झाला का गं?" असं आत ओरडायची. ते ऐकून ऐकून डॉक्टरही तिला वहिनी म्हणायला लागले, आणि मग सगळं गावच. सत्तरी ओलांडलेले आजोबासुद्धा. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ते गाव म्हणजे ढगांचं माहेरच. पाऊस नसला तर धुकं, धुकं नसलं तर नुसतं दमट, चिकट आभाळ. धुण्याच्या धंद्याला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. जाड कपडा दोरीवर दिवस दिवस लोंबायचा आणि शेवटी कुबट वास घेऊन खाली उतरायचा. कधी चुकून ऊन पडलंच, तर दूध उतू चालल्यासारखी घरात पळापळ व्हायची. वहिनी इस्त्री टाकून धावायची, नवरा टोपल्या उचलायचा, सासरे चिमटे तोंडात धरून मागोमाग यायचे, आणि सगळं टांगून होईतो ऊन गुल.

आणि नणंद राहायची वाळवंटातल्या शहरात. तिथे गेल्यावर तिने पहिल्यांदा फोन केला तेव्हा सहज बोलून गेली होती, "वहिनी, चादर वाळत घातली आणि चहा टाकला, तर चहा गाळेपर्यंत चादर वाळते." बाकी कुणाच्या ते लक्षातही राहिलं नाही. वहिनी मात्र तेव्हापासून त्या शहराच्या प्रेमातच पडली होती. माणसं दागिन्यांची स्वप्नं बघतात, ही खडखडीत वाळलेल्या चादरींची बघायची.

तेव्हा फोन ठेवला आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. "अहो, जाऊ या!" ती म्हणाली. "मी आजपासून बांधाबांध करते."

"आधी ती चादर उचल," नवरा म्हणाला.

नवरा माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्ट सतरा वेळा उलटीसुलटी करून बघणारा. शर्टाची कॉलर बघावी तशी. त्या रात्री जेवताना त्याने बहिणीला पुन्हा फोन लावला आणि उलटतपासणी सुरू केली. उन्हाळा किती? चार महिने दुपारी बाहेर पडायचं नावच काढायचं नाही. म्हणजे कसं? म्हणजे दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो, दादा. आणि वीज? थंड हवेचं यंत्र दिवसरात्र चालू, बिल बघून डोळे पांढरे होतात. पाणी? खारट. झाडं? पालिकेने लावलेली, मोजून मापून. धूळ? त्याचं विचारूच नको, वादळ आलं की समोरचं घर दिसत नाही.

"म्हणजे दोरीवर कपडे..." वहिनीने मध्येच तोंड घातलं.

"बाहेर? छे! धूळ बसते ना. आम्ही आतच वाळवतो."

वहिनीचा चेहरा एवढासा झाला. इतकं ऊन, आणि चादरी घरात वाळवायच्या! क्षणभर तिला त्या शहराचा रागच आला. पण क्षणभरच. "असू दे," ती म्हणाली. "ओल तर नाही ना? कुबट वास तर नाही ना? आणि तू आहेस की तिथे. इथे मनसोक्त गप्पा मारायला मला आहे कोण? हे? हे तर कॉलर बघतात."

"तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातंय!" नवरा म्हणाला, पण हसला. त्याच्याही मनात होतंच. गावात आता घरोघरी यंत्रं आली होती, दुकानाला पूर्वीची गर्दी नव्हती, आणि हॉटेलचं काम म्हणजे काही चेष्टा नाही. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण समोर बसून निमूट जेवत होतं.

सासरे. डाग काढण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. शाई, रक्त, डांबर, गंज, काहीही आणा. दमट हवेने त्यांची बोटं आखडली होती, सकाळी बाटलीचं झाकण उघडेना, पण दुसऱ्या कुणाला उघडू देतील तर शपथ. ते ताटावरून न उठताच म्हणाले, "तुम्ही जा. मला उकाडा सोसत नाही."

झालं. त्यांना एकट्याला ठेवून नवरा जाणार नाही, हे वहिनीला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तीही गेली नसती. लग्न होऊन आली तेव्हा साध्या रुमालालाही तिची इस्त्री चिकटायची. न ओरडता, न हसता, इस्त्री शिकवली ती या माणसाने. तिला त्या शहरात जायचं होतं, अगदी जीव तोडून जायचं होतं, पण बाबांना घेऊन.

तोडगा काढला नवऱ्याने, आणि तो ऐकून वहिनीला त्याचा मुकाच घ्यावासा वाटला. "बाबा, सोसत नाही हे तुम्हाला कसं कळलं? आपण कुणी वाळवंट बघितलंय? रविवारी दुकान बंद असतं. वाळवणीची खोली तापवू, तिच्या शहराइतकी, काटा पंचेचाळीसवर. तिघं आत बसून जेवू. तुम्हाला सोसलं तर जायचं, नाही सोसलं तर विषय संपला."

सासऱ्यांनी ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, "विषय संपला म्हणजे संपला. पुन्हा काढायचा नाही."

"नाही काढणार," वहिनी म्हणाली, घाईघाईने.

वाळवणीची खोली दुकानाच्या मागे होती. लांबट, बिनखिडकीची, एका भिंतीला हीटर आणि छताला तारांच्या रांगा. रविवारी वहिनी भल्या पहाटे उठली. तिच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. खोली झाडली, मधल्या तारा मोकळ्या केल्या, खाली सतरंजी अंथरली, पाण्याचे तांबे भरले, हीटर लावला. शहराचं वातावरण यावं म्हणून नवरा चक्क काळा चष्मा घालून आला. सासरे हे बघून म्हणाले, "सूनबाई, याला जन्म दिला तेव्हा मी शुद्धीवर होतो ना?"

दार लावून घेतलं. पहिला घास गेला. दुसरा गेला. मग नवऱ्याचा चष्मा वाफेने भरला आणि त्याने भाजी समजून चटणीत हात घातला. घाम येत होता आणि जात नव्हता, नुसता अंगावर साचत होता. पोळ्या ओल्या होऊन लिबलिबीत झाल्या. श्वास घ्यावा तर ओला फडका तोंडावर धरल्यासारखं वाटे. वहिनी हसायचा प्रयत्न करत होती. "सवय होईल हो, पहिल्या दिवशी असंच होणार," असं म्हणता म्हणता तिच्याच डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सासरे अर्ध्या जेवणावरून उठले. लालबुंद झाले होते. भिंत धरत दाराबाहेर पडले, ओट्यावर बसले आणि दम खाऊन म्हणाले, "संपला विषय."

नवऱ्यानेही हात टेकले. "माझ्याच्यानेही नाही झालं गं," तो हळूच म्हणाला. "जाऊ दे." आणि ओलेचिंब कपडे बदलायला, आंघोळ करायला वर निघून गेला.

वहिनी एकटी मागे राहिली. तिला रडू आलं, आणि ते घामात मिसळून गेलं हे एक बरं झालं. ती हीटर बंद करायला खोलीच्या पार टोकाला गेली. आणि तिथे, मागच्या तारांवर, ओळीने लटकल्या होत्या वसतिगृहातून धुवायला आलेल्या ओल्या चादरी. गरम वाफ सोडत, मजेत.

कुणी टांगल्या? तिनेच. पहाटे! हीटर लागतोच आहे तर तो फुकट कशाला घालवायचा, म्हणून हातासरशी. जन्मभराची खोड, रिकामी तार डोळ्यांना बघवतच नाही. गावाची सगळी ओल त्या खोलीत कोंडून, त्यात जेवायला बसून, हे लोक वाळवंटाची परीक्षा घेत होते!

"अगं भवाने!" ती स्वतःलाच म्हणाली आणि एकटीच खो खो हसत सुटली. चादरी ओढून काढल्या, टोपल्यांत कोंबून बाहेर फेकल्या, दार सताड उघडलं, वाफ ओढणारा पंखा लावला. हीटर चालूच होता, थोड्या वेळाने दार लावून खोली पुन्हा तापू दिली. काटा तिथेच, पंचेचाळीसवर, पण हवा निराळीच! भट्टीसारखी तापलेली, हो, घसा कोरडा पडत होता, ओठ ओढल्यासारखे झाले होते. पण घाम येतोय न येतोय तोच नाहीसा होत होता. अंग हलकं झालं होतं.

ती धावत ओट्यावर आली. "बाबा, चूक माझी! चला परत आत. ते वाळवंट नव्हतंच, आपल्याच गावाचा काढा होता तो!"

"विषय संपला म्हणालो होतो ना?"

"बाबा, पाया पडते. घटकाभर."

ते आले. तिच्यासाठी आले. भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले. वहिनी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे धरला, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "बरं वाटतंय," ते म्हणाले. आणि तिने टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात, "पण मी यायचा नाही, सूनबाई."

"का? आता का?"

"उकाड्याचं निमित्त होतं गं." ते तिच्याकडे बघत नव्हते. "इथे लोक दारात येऊन विचारतात, बाबा आहेत का? डाग दाखवायचाय. तिथे हॉटेलच्या चादरी. यंत्रात टाका, काढा. ना चिखल, ना बुरशी. मी काय करू? पोरीच्या घरी कोपऱ्यात बसून वारा खाऊ? मला पोसायला नेऊ नका. त्यापेक्षा इथे आखडलेली बोटं परवडली."

वहिनीची सगळी उत्तरं तयार होती, उकाड्यावरची, पाण्यावरची, विजेवरची. याच्यावर नव्हतं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मग नाही जायचं. मी सांगते तिला आत्ताच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आणि तिने खरंच फोन लावला. बाबांनाही ऐकू यावं म्हणून फोन सतरंजीवर ठेवून आवाज मोठा केला. मन घट्ट केलं. पण नणंदेने बोलूच दिलं नाही, उचलल्या उचलल्या ती रडायलाच लागली.

"वहिनी, मेले मी! हॉटेलने नमुन्याला टॉवेल पाठवले होते, आणि सगळ्यांवर डाग! गंजासारखे, नारिंगी. धुतले की आणखी गडद होतात."

वहिनीने तोंड उघडलं, पण शेजारून आवाज आला. "धुण्याआधी होते का?"

"बाबा? नाही, आधी पांढरे होते. पाण्यात घातले आणि उमटले."

सासरे भिंत सोडून पुढे झुकले. "लोखंड लागलंय कुठे?"

"नाही हो. लोक पोहायला जातात ना, उन्हासाठी अंगाला मलम फासतात, ते पुसतात टॉवेलला."

"मलम. आणि पाणी खारट." ते स्वतःशीच पुटपुटले. "मलमाचा डाग पिवळा पडतो, नारिंगी का व्हावा? तेल म्हणावं तर धुतल्यावर गडद का होतो? तू काय घातलंस त्यात?"

"ब्लीच."

"गाढव आहेस!" ते इतक्या जोरात ओरडले की वहिनी दचकली. कित्येक महिन्यांत त्यांचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. "डाग कसला ते कळायच्या आत ब्लीच? हे शिकवलं मी तुला? असला डाग माझ्या उभ्या आयुष्यात आला नाही हाताखाली! सगळ्यांवर आहेत म्हणालीस?"

"सगळ्यांवर. इथे सगळ्याच हॉटेलांना होतात म्हणे. कुणाला निघत नाहीत."

"कुणाला निघत नाहीत," सासऱ्यांनी ते सावकाश, चवीने उच्चारलं. मग भिंतीला हात लावून उभे राहिले, कुणाचा आधार न घेता. "ऐक. आता त्यांना हात लावायचा नाही. ब्लीच नाही, साबण नाही, काही नाही. सावलीत ठेव झाकून. मी येईपर्यंत एकही टॉवेल पाण्यात घालायचा नाही, कळलं?"

पलीकडचं रडणं थांबलं. मग नणंदेने विचारलं, "बाबा, तुम्ही येताय?"

"मग काय फोनवरून काढू डाग?"

पुढचं ऐकायला वहिनी तिथे नव्हतीच. ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत वर गेली होती आणि न्हाणीघराचं दार दोन्ही हातांनी बडवत होती. "अहो, आटपा, बाहेर या! बाबा निघाले!"