मुकादमाची सुट्टी

बस आगाराच्या वेळापत्रक विभागात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक मिनिटराव म्हणतात यात नवल नाही. नवल हे, की हजारो लोकांना वेळेवर गावी पोचवणाऱ्या मिनिटरावांनी स्वतः कधी धड सुट्टी घेतली नव्हती. ते आखणी करायचे. आखणी इतकी बारकाईने चालायची, की ती पुरी होईपर्यंत सुट्टीचा मोसमच उलटून जायचा. मग ते आखणीचे कागद जपून फाइलला लावायचे आणि पुढच्या वर्षी उपयोगी पडतील म्हणायचे.

त्यांची बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर तिच्यासमोर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले असत, आणि त्यांत मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवत जायचं हे तिचं काम. एका संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि तिथेच दाराशी उभी राहून म्हणाली, "मला चार दिवस कुठेतरी खेड्यात जायचंय. जिथे एकही जबडा दिसणार नाही."

"जाऊ की," मिनिटराव म्हणाले. "पण मुकादमाचं काय करायचं?"

मुकादम म्हणजे कुत्रा. दोन वर्षांपूर्वी लेकीने पिल्लू घरी आणलं, आठवडाभर सांभाळा म्हणाली आणि शिकायला दुसऱ्या शहरात निघून गेली. तो आठवडा अजून चालूच होता. नाव तिनेच ठेवलेलं. घरात कुणी केर काढत असो की कपडे वाळत घालत असो, हा उंबऱ्यात पुढचे पाय एकावर एक टाकून बसायचा आणि काम नीट होतंय ना ते बघायचा. स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही.

"त्याला घेऊन जाऊ," बायको म्हणाली. "बिचाऱ्याने जन्मात मोकळं रान पाहिलेलं नाही."

एवढं एक वाक्य मिनिटरावांना पुरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी फाइल उघडली. वर लिहिलं 'मुकादम – ग्रामीण सहल'. आतल्या अकरा पानांपैकी नऊ कुत्र्यासाठी होती, एक गाडीसाठी आणि एक 'इतर प्रवासी' या मथळ्याखाली.

कुत्रा चालेल असं घर मिळायला तीन आठवडे गेले. शेवटी एक निवृत्त शिवणबाई सापडल्या. आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवून आता त्या गावाबाहेर एकट्या राहत होत्या आणि दोन खोल्या पाहुण्यांना देत. फोनवर त्यांनीच मिनिटरावांची परीक्षा घेतली.

"चावतो का?"

"नाही."

"भुंकतो?"

"कारण असेल तरच."

"कारण आहे की नाही, हे कोण ठरवतं?"

हा प्रश्न मिनिटरावांनी वहीत टिपून घेतला.

"माझी सात बदकं आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाल तेव्हाही सातच असली पाहिजेत. अंथरुणावर पाय नकोत, परसात उकराउकरी नको. बसतं का यात?"

"बसतं," मिनिटराव म्हणाले. माणसांबद्दल बाईंनी एक अक्षर विचारलं नाही, हे त्यांच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

सगळं जुळलं आणि मग घोडं अडलं ते गाडीपाशी. मुकादम उभ्या आयुष्यात एकदाच गाडीत बसला होता आणि ती गाडी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तिथे जे झालं त्याचा उल्लेख घरात कुणी करत नसे, पण मुकादम विसरला नव्हता. गाडीचं दार उघडलं की तो चारी पाय रोवून जमिनीला चिकटायचा. दोघांनी मिळून उचलला तर अंग असं ढिलं सोडायचा, की ओल्या गादीसारखा हातातून निसटायचा.

मिनिटरावांनी कुत्रे शिकवणारा गाठला. त्याने मुकादमाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि सांगितलं, "गाडी म्हणजे सुखाची जागा, हे त्याला पटलं पाहिजे. गाडी चालवू नका. नुसती उभी ठेवा आणि रोज संध्याकाळी घरच्यांनी त्यात बसा. खा, प्या, गप्पा मारा. आपोआप येईल."

त्याच संध्याकाळपासून इमारतीखाली उभ्या गाडीत नवरा-बायको सव्वासात ते आठ बसू लागले. मागचं दार उघडं. चहाचा थर्मास, बिस्किटं, उकडलेलं अंडं. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी विचारलं, "बॅटरी उतरली का?" दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे दोघं बाह्या सरसावून धक्का मारायला आले. चौथ्या दिवसापासून कुणी काही विचारेना, आणि ते जास्त वाईट होतं. या दोघांच्या घरात काहीतरी बिनसलंय आणि ते बोलायला म्हणून खाली येतात, असं इमारतीत ठरून गेलं.

गंमत अशी, की ते खरंच बोलायला लागले. गाडीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. समोर काच, काचेपलीकडे भिंत. सहाव्या दिवशी अंडं सोलता सोलता बायको म्हणाली, "मला प्रयोगशाळेची मुख्य करत होते. मी नको म्हणून सांगितलं."

"कधी?"

"झाले चार महिने."

मिनिटरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तुम्ही तेव्हा गाड्यांचं उन्हाळी वेळापत्रक करत होता."

ती हे रागाने बोलली नाही, म्हणून त्यांना जास्त लागलं. ती नको का म्हणाली, हे त्यांनी विचारलं. मुख्य झालं की कागदपत्रं करायची, दात दुसऱ्यांनी बसवायचे, आणि दात बसवणं तिला आवडायचं. जबड्यांचा कंटाळा आला तरी आवडायचं. हे लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर त्यांना कळलं. आठ वाजून गेले तरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, आणि मागे कधीतरी मुकादम चढून बसला होता, तेही नाही.

तीन आठवड्यांत मुकादम असा तयार झाला, की सात वाजल्यापासूनच दाराशी जाऊन उभा राहायचा. मग गाडी चालू करून बघितली, कोपऱ्यापर्यंत नेली, चौकापर्यंत नेली. मुकादम खिडकीत हनुवटी टेकून साऱ्या शहराची देखरेख करत होता. मिनिटरावांनी फाइलमधल्या तयारीच्या शेवटच्या चौकोनात बरोबरची खूण केली. त्यांच्या हयातीत आखणी पुरी होण्याची ही पहिलीच वेळ.

प्रवास तीन तास चाळीस मिनिटांचा ठरला होता आणि तेवढाच झाला. शिवणबाईंचं घर बैठं, पुढे गवताचा मोठा उतार, खाली ओढा. बाई फाटकात उभ्या होत्या. एक हात तोंडावर, दुसऱ्या हातात नियमांचा कागद. मागे सात बदकं.

मिनिटरावांनी गाडीचं दार उघडलं. "चल रे मुकादमा, उतर."

मुकादमाने रानाकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं आणि जागेवर अंग सैल सोडून आडवा झाला. गाडी म्हणजे सुखाची जागा, हे त्याला पूर्णपणे पटलं होतं. आता सुख सोडून गवतात कशाला जायचं?

चेंडू दाखवून झाला, अंडं दाखवून झालं, गळ्यातला पट्टा ओढून झाला. अंडं त्याने गाडीत मागवून घेतलं. पुढचा दीड दिवस हेच चाललं. विधी उरकायला तीन मिनिटं खाली यायचा आणि परत चढून बसायचा. रात्री झोपलाही गाडीतच, काचा थोड्या उघड्या ठेवून. फाइलच्या पानांवर 'ओढ्याकाठी फेरफटका', 'टेकडी', 'मोकळं धावणे' अशा नोंदी होत्या, आणि त्यांपुढचे चौकोन रिकामे होते. मिनिटराव ती पानं घेऊन कुत्र्याशेजारी बसून राहिले. त्यांची बायको मात्र उतारावर चटई टाकून उताणी पडली होती आणि तिचं काहीच अडलं नव्हतं.

खरा अपमान वाटला तो शिवणबाईंना. नियमांचा कागद हातातच राहिला. मोडायलाच कुणी येईना, तर नियम लावायचे कुणाला?

"इतकं काय वाईट आहे माझ्या घरात?" त्यांनी तोंडावर हात धरूनच मिनिटरावांना विचारलं. "माणसं येतात, राहतात. हा उंबराही ओलांडत नाही म्हणजे काय?"

"नाही हो बाई, तुमचं घर छान आहे. त्याला शिकवताना आमच्याकडूनच जरा जास्त झालं."

बाईंचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः बदकाचं उकडलेलं अंडं घेऊन आल्या, पुढच्या सीटवर बसल्या आणि मागे वळून मुकादमाला भरवू लागल्या. बोलताना हात तोंडावरच. बायको चटईवरून उठून आली, दोन मिनिटं खिडकीपाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, वरची कवळी डावीकडे टोचते का तुम्हाला?"

बाईंनी उरलेलं अंडं मुकादमापुढे ठेवलं. मग म्हणाल्या, "सहा वर्षं झाली."

"दाखवा मला. मी हेच काम करते."

अकरा पानांच्या यादीत नसलेली एकच वस्तू बायकोच्या पिशवीत होती, ती म्हणजे तिची बोटभर लांबीची बारीक कानस. तिने बाईंची कवळी धुतली, बोट फिरवून उंचवटा शोधला आणि गाडीच्या बॉनेटवर रुमाल अंथरून घासायला बसली. थोडं घासायचं, बाईंना लावून बघायला सांगायचं, पुन्हा घासायचं. जबड्यांपासून पळून आलेली बायको पाऊण तास एका जबड्यात गुंतली होती आणि गुणगुणत होती. मिनिटराव मागच्या सीटवरून तिच्याकडे बघत राहिले. तिला काम करताना त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

शेवटी बाईंनी परसातून एक गाजर आणून कचकन तोडलं. सावकाश चावलं. मग तोंडावरचा हात खाली आला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पलीकडच्या गावात थोरली बहीण होती. सहा वर्षांपूर्वी तिच्या घरी चार माणसांत बोलता बोलता बाईंची ही कवळी निसटून चहाच्या कपात पडली. बहीण हसली. नुसती हसली नाही, भिंतीला टेकून हसली. बाई तशाच उठून आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत.

बाईंनी गाजराचा देठ बदकांना टाकला आणि मिनिटरावांना विचारलं, "ही गाडी चालूही होते, की नुसती बसायला आहे?"

मिनिटरावांनी फाइल उघडली. त्यात दुपारी तीनच्या पुढे 'विश्रांती' लिहिलेलं होतं. त्यांनी फाइल मिटून सीटखाली सारली.

बहिणीचं घर चाळीस मिनिटांवर निघालं. गाडी अंगणात थांबली, शिवणबाईंनी पुढचं दार उघडलं, आणि त्या पाय खाली टाकतात न टाकतात तोच मागच्या सीटवरून त्यांच्या मांडीवर आणि तिथून उडी मारून मुकादम बाहेर. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अंडं दाखवलं नव्हतं. तो वाफ्यांतून धावला, शेणखताच्या ढिगात लोळला, तळ्यात पडला, बाहेर येऊन पुन्हा ढिगात लोळला. मिनिटराव पट्टा हातात घेऊन नुसते बघत उभे राहिले.

घरातून पांढऱ्या केसांची एक उंच बाई बाहेर आली. धाकटीकडे तिने पाहिलंच नाही. "हे कुत्रं कुणाचं?"

"माझ्याकडे उतरलंय," शिवणबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे कुत्री चालत नाहीत."

"तुझ्याकडे काय चालतं ते मला माहीत आहे. चहा टाक."

थोरलीने क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलू लागला. तिने तो दातांखाली धरला आणि आत गेली. चहा झाला. शिवणबाईंनी कप दोन्ही हातांत धरून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि रिकामा कप बहिणीसमोर ठेवला.

"नवी केलीस वाटतं," थोरली म्हणाली.

"जुनीच आहे. हिने नीट केली."

"तेव्हा हसायला नको होतं मी."

"नकोच होतं."

त्यापुढे ऊन उतरेपर्यंत दोघींच्या बोलण्यात तिसऱ्याला शिरायला फट नव्हती. निघायची वेळ झाली तेव्हा थोरलीने दाराला कडी घातली आणि म्हणाली, आपणही येणार, हिने घराचं काय करून ठेवलंय ते बघायचंय. दोघी मागे बसल्या. ओला, घाणेरडा मुकादम दोघींच्या मांड्यांवर पसरला, डोकं थोरलीकडे. तिने नाकाला पदर लावला, पण त्याला ढकललं नाही.

वाटेत बदकं दोघींच्या आईची होती की शिवणबाईंची, यावरून दोघींचं भांडण जुंपलं. मिनिटरावांनी आरशातून पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "थांबवू का गाडी?"

"कशाला?" बायको म्हणाली. "चालू द्या."