फोनवर ऐकलेली छाती

घरात लहान मूल आजारी पडलं की सगळ्यात आधी काय होतं, सांगा बरं? ताप बघतात? छे! आधी भांडण होतं. ‘आत्ताच्या आत्ता न्यायचं’ विरुद्ध ‘थांब गं, बघू संध्याकाळी’. अशाच एका घरात नेमकं तेच चाललं होतं, फक्त फोनवर.

पोर पावणेदोन वर्षांची, सगळे तिला चिंगी म्हणायचे. परवापासून नाक गळत होतं आणि आज सकाळपासून श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. बाटली तोंडाला लावली की दोन घोट घेऊन ढकलून द्यायची. आईने तिला एका हाताने कडेवर धरलं आणि दुसऱ्या हाताने गॅरेजात नवऱ्याला फोन लावला.

नवरा स्कूटर-मोटरसायकलींचा मिस्त्री. आणि साधासुधा नव्हे हं! गिऱ्हाईक घरूनच फोन करायचं, फोन इंजिनाजवळ धरायचं आणि हा हातातला पाना खाली न ठेवता सांगायचा, “टॅपेट सैल झालंय,” नाहीतर “चेन घासतेय, घेऊन या.” बहुतेक वेळा बरोबर! त्यामुळे झालं काय, की जे जे वाजतं ते ते आपल्याला कळतं, असं त्याला वाटायला लागलं.

“छातीला लाव फोन,” तो म्हणाला. तिने लावला.

“हं. कफ आहे. सर्दीच ती, दुसरं काय? संध्याकाळी आलो की बघतो.”

“अहो, पण श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली...”

“झालं का सुरू तुझं? मागे उचकी लागली म्हणून दवाखान्यात पळाली होतीस, विसरलीस?”

गॅरेजात मागे कुणीतरी खिदळलं. ते तिला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं.

ती उचकीची गोष्ट म्हणजे घरातली करमणूकच झाली होती. डॉक्टरांनी तपासून “काही नाही, घरी जा” म्हटलं होतं, आणि तेव्हापासून कुणी पाहुणा आला की चहाबरोबर ती गोष्टही बाहेर यायची. ती स्वतःसुद्धा हसायची, काय करणार! पण मनात काहीतरी आक्रसून गेलं होतं. आता काळजी वाटली की तिला आधी लोकांच्या हसण्याची भीती वाटायची, आणि मग पोरीच्या दुखण्याची. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आईला आधी हसण्याची भीती!

दुपारी चिंगीने खेळणंच सोडलं. चमचाभर पाणीसुद्धा नको. आईच्या खांद्यावर मान टाकून ती पडून राहिली. पोट भराभर वरखाली होत होतं, नाकपुड्या फुलत होत्या. आईने परत फोन लावला, परत छातीला टेकवला.

“अरे वा! शिट्टी कमी झाली की!” मिस्त्री खूश झाला. “बघ, आली ना गाडी लायनीवर? उगाच डोकं खातेस.”

आवाज खरंच कमी झाला होता. तरी ती चिंगीच्या पोटावरून नजर हलवेना.

तेवढ्यात दार वाजलं. मिस्त्रीची मोठी बहीण आली होती. ती पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. केस अजून ओलेच होते.

“कुठाय माझी मासोळी? आत्या आली तरी उठत नाही म्हणजे काय!” ती मोठ्याने म्हणाली, आणि चिंगीकडे बघताच तिचा आवाज खाली आला. तिने हलकेच झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

“हे कधीपासून?”

“सकाळपासून. पण ताई, आता आवाज कमी झालाय. हे म्हणाले, बरं वाटतंय तिला.”

“तो कुठे होता?”

“फोनवर. ऐकलं त्यांनी.”

“फोनवर!” ताईने तिच्या हातातून फोन घेतला आणि भावाला लावला. “काय रे मिस्त्री, बुडणारं पोर ओरडतं का?”

“आं? ताई, तू कशी काय...”

“ओरडत नाही! लोकांना वाटतं, हातपाय आपटेल, हाका मारेल. मी रोज तलावाच्या काठावर उभी असते, मला विचार. ओरडायला आत हवा लागते. हवा नसली की पोर गप्प होतं. शिट्टीलासुद्धा हवा लागते, बाबा! आत काही जातच नसेल तर वाजणार काय? पोर दूध घेत नाही, मान टाकतेय, छातीत खड्डे पडतायत. हे तुझ्या कानाला दिसलं का?”

पलीकडे एक इंजिन धडधडत होतं. ते बंद झालं.

“निघा,” मिस्त्रीचा आवाज चिरकला. “लगेच निघा. मी थेट दवाखान्यात येतो.”

“तुझी परवानगी मागायला फोन नव्हता केला,” ताई म्हणाली आणि चपला घालायला वळली.

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मशीनवरचं कापड तसंच टाकून उठले आणि त्यांनी गाडी काढली. वाटेत चिंगीच्या ओठांवर निळसर झाक आली. आई तिला बसतं धरून नुसती म्हणत होती, “बघ माझ्याकडे, चिंगे, बघ ना!” चिंगी बघत होती, पण तिचे डोळे जडावले होते.

दवाखान्यात नर्सने एक नजर टाकली आणि रांगेतून थेट आत नेलं. इवल्याशा तोंडावर मास्क आला, त्यातून औषधाची वाफ येऊ लागली. मिस्त्री धावत पोहोचला तेव्हा हात काळेकुट्ट होते. पोरीला हात लावावा की नाही हे न कळून तो दारातच थांबला.

आणि मग छातीतून पुन्हा शिट्टी वाजायला लागली. चांगली मोठ्याने!

“डॉक्टर! पुन्हा वाजतंय!” मिस्त्री ओरडलाच.

“वाजू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “श्वासाच्या नळ्या इतक्या आकसल्या होत्या की हवाच जात नव्हती. आता जायला लागली. मघाची ती शांतता मला जास्त भीतीची वाटत होती. अजून उशीर झाला असता तर...”

आई खालमानेने पुटपुटली, “मी सकाळीच आणणार होते. पण मागे उगाच आले होते ना, उचकीसाठी.”

“मग तेव्हा काय केलं मी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“घरी पाठवलंत.”

“अहो, मूल धडधाकट आहे, घरी न्या, असं सांगायला मिळालं की माझा दिवस चांगला जातो! ‘उगाच’ आलात तरी चालेल. शंभरदा या.”

चिंगीला त्या रात्री तिथेच ठेवायचं ठरलं. धोका टळला, असं अजून कुणी म्हणत नव्हतं. मिस्त्रीने नळाखाली हात घासून घासून धुतले आणि बायकोशेजारी येऊन बसला.

“तू बघत होतीस,” तो म्हणाला, “आणि मी नुसता ऐकत होतो. वर हसत होतो. चुकलं माझं.”

एवढ्याने का सगळं भरून निघतं?

“मला दाखव ना,” तो म्हणाला. “तो खड्डा कुठे पडतो ते. मलाही ओळखता यायला हवं.”

तिने चिंगीचं झबलं वर केलं, त्याचं बोट धरून बरगड्यांच्या खालच्या कडेवर टेकवलं. खड्डा अजून पडत होता, पण उथळ. दोघंही वाकून बघत राहिले.

तर मंडळी, एवढंच सांगायचं आहे! मूल श्वासासाठी झगडत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूधपाणी सुटलं असेल, ते मलूल पडलं असेल, ओठ निळे दिसत असतील, तर संध्याकाळची वाट बघू नका, कुणाच्या मताची तर नकोच. उचला आणि निघा. आणि एखादी आई दवाखान्यातून “काही नाही निघालं” म्हणत परत आली, तर तिला हसू नका. तुमच्या त्या हसण्यामुळे पुढच्या वेळी ती थांबेल. आणि मूल थांबू शकत नाही.