दोन पिवळ्या रेघा

लेलँडबद्दल वाकडा शब्द बाळासाहेबांना खपत नसे. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात पंधरा वर्षं आणि कुवेतच्या शुवैखमधल्या गॅरेजात चोवीस वर्षं घासलेला हा माणूस. शेकडो गाड्या हाताखालून गेल्या, पण जीव जडला तो या एकाच नावावर. नवा इंजिनियर अभिजीत चहाला टेकला की त्याच्यापुढे इतिहास सुरू व्हायचा. इंग्लंडातलं लेलँड नावाचं गाव, तिथल्या लोहाराच्या पोराने केलेलं वाफेवरचं गवत कापायचं यंत्र, मग वाफेची मालमोटार, मग ट्रक आणि जगभर धावणाऱ्या बस. पुढे कंपनीत कंपन्या मिसळल्या, सरकारने ताबा घेतला, तुकडे पडले. आज त्या गावात ट्रक बनतात, पण त्यांच्यावर नाव दुसऱ्याचं. "नाव जगवलं ते मद्रासच्या कारखान्याने आणि आपल्या एसटीने," हे शेवटचं वाक्य अभिजीतला पाठ झालं होतं.

तौफीक नावाच्या कुवेती गृहस्थांनी वडिलांची १९५८ची लेलँड गॅरेजात ओढून आणली, तेव्हा बाळासाहेबांची छाती फुगली. याच गाडीतून तौफीकच्या वडिलांनी वाळवंटातल्या वस्त्यांना पिण्याचं पाणी पोचवलं होतं. आणि कुवेतला आल्यावर बाळासाहेबांनी दुरुस्त केलेली पहिली गाडीही हीच. आता वडील नव्हते. राष्ट्रीय दिनाला ती स्वतःच्या इंजिनावर समुद्राकाठच्या शर्कपर्यंत न्यायची, एवढीच तौफीकची इच्छा होती.

गाडी सुरू व्हायची, झकास चालायची आणि दहा मिनिटांनी आचके देऊन बंद पडायची. तीन आठवडे हेच चाललं. मधल्या काळात कुठल्या गाढवाने हात घातलाय कोण जाणे, असं बाळासाहेब दिवसातून चारदा म्हणायचे. अखेर अभिजीतनेच जपानी इंजिन बसवायचं सुचवलं आणि तौफीक नाइलाजाने तयार झाले. गुरुवारी जुनं इंजिन उतरवायचं ठरलं. लेलँडच्या पोटात परकं इंजिन, या विचाराने बाळासाहेबांना घास गोड लागेना.

बुधवारी दुपारी अभिजीतने भीत भीत विचारलं, पिवळ्या रेघांचे बोल्ट तपासले का? बाळासाहेब भडकले. एसटीत शिकलेली त्यांची एक पद्धत होती. बोल्ट आवळून झाला की त्यावर रंगाच्या दोन रेघा मारायच्या. रेघा दिसल्या की काम तपासलेलं आहे, हात लावायचा नाही. या गाडीवरच्या रेघा त्यांच्या स्वतःच्या होत्या. त्या सोडून त्यांनी सगळी गाडी पिंजून काढली होती.

अभिजीत गेला, पण प्रश्न जाईना. शेवटी ते गाडीखाली सरपटले. टाकी आणि पंपाच्या मध्ये डिझेलची गाळणी होती, तिच्या झाकणावर दोन रेघा अजून दिसत होत्या. त्यांनी दापोडीहून आणलेला इंची पाना लावला. तो बसेना. मग मिलिमीटरमधला तेरा नंबरचा लावला, तो चपखल बसला.

बाळासाहेबांनी बोल्ट काढून हातात घेतला. बोल्ट हवा होता अडीच सुताचा, म्हणजे इंची मापाचा, आणि हा होता आठ एमएमचा. दिसायला सख्खे भाऊ, पण आटे वेगळे. त्या पहिल्या दुरुस्तीच्या वेळी मूळ बोल्ट हरवला होता, नोकरी नवी होती, तौफीकचे वडील डोक्यावर उभे होते. तात्पुरता म्हणून हा दाबून बसवला, सवयीने रेघा मारल्या आणि विसरले. झाकण कधी नीट दबलंच नाही. डिझेल गळत नव्हतं, पण पंप ओढू लागला की तिथून हवा आत शिरत होती.

बोल्ट गुपचूप बदलता आला असता. बाळासाहेबांनी तौफीकना फोन करून बोलावून घेतलं आणि बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"चूक माझी आहे. चोवीस वर्षांपूर्वीची."

तौफीकनी बोल्ट बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, "बाबा म्हणायचे, गाडी माझ्यासारखी म्हातारी झाली. म्हणून त्यांनी ती चालवायची सोडली."

बाळासाहेबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मान खाली घालून एक दिवस मागितला. तौफीकनी तो दिला.

बाळासाहेबांनी स्वतः लेथवर अडीच सुताचा बोल्ट कातला, भोकातले आटे साफ केले, झाकण बसवलं. रेघा मात्र मारल्या नाहीत.

राष्ट्रीय दिनाला लेलँड शुवैखहून निघाली. स्टिअरिंग बाळासाहेबांच्या हातात, शेजारी तौफीक, मागे अभिजीत घड्याळ लावून बसलेला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. समुद्राकाठच्या रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या बाजूला होऊन वाट देऊ लागल्या, पोरं हात हलवू लागली. तौफीकनी खिडकीबाहेर डोकं काढून जो हॉर्न वाजवायला सांगितला, तो शर्कचा मासळीबाजार येईपर्यंत थांबलाच नाही. तौफीक रडत होते आणि हसतही होते. बाळासाहेबांचंही तेच चाललं होतं.

शर्कला पोचल्यावर इंजिन चालूच होतं. बाळासाहेबांनी खिशातून पिवळ्या रंगाची डबी काढून अभिजीतला दिली.

"रेघा तू मार."

अभिजीतने डबी बाजूला ठेवली, बाळासाहेबांकडून इंची पाना मागून घेतला आणि आधी गाडीखाली शिरून बोल्ट तपासला.