दोन पिशव्यांची एक पिशवी

मी एक कमांड आहे. काळ्या खिडकीत माझं नाव टाइप केलं की जागा होतो, काम उरकतो आणि गप्प बसतो. दूरच्या यंत्राशी बोलायला इथे त्याचा प्रतिनिधी लागतो. त्याला प्रॉक्सी म्हणतात. तो घडवणं हा माझा धंदा.

२००६ साली वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या एका छोट्या ऑफिसात मी होतो. म्हणजे नुसता पडून होतो. प्रोग्राम लिहायच्या 'स्टुडिओ' नावाच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये माझंच काम करणारं एक बटण होतं. पत्ता द्या, दाबा, प्रॉक्सी तयार! तिथला प्रोग्रामर धर्मेंद्र त्या बटणावर जाम खूश होता. मलाही त्याचं कौतुकच वाटे, खोटं कशाला बोलू?

काम होतं रक्तपेढ्यांचं. दूरच्या यंत्रावर दोन सेवा, म्हणजे सांगितलेलं काम करून देणारे प्रोग्राम: एक रक्ताची पिशवी शोधायची, दुसरी ती राखून ठेवायची. धर्मेंद्रसोबत काम करणारी मयुरी यात जीव ओतत होती. आष्टीला तिच्या धाकट्या बहिणीला, जयाला, सिकलसेल हा रक्ताचा आजार; पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागे. रक्त संपायच्या आत पोचायला वडील तानबा तिला उपाशीच पहाटेच्या बसनं वर्ध्याला आणत आणि कितीदा तरी 'रक्त नाही' ऐकून परत नेत. येत्या सोमवारी पुन्हा रक्त चढवायचं होतं.

शुक्रवारी घोडं अडलं. बटणानं दोन सेवांसाठी दोन वेगळ्या पिशव्या, म्हणजे पिशवीच्या माहितीचे दोन वेगळे साचे, घडवल्या होत्या. शोधून आणलेली पिशवी दुसरी सेवा ओळखेचना.

"काऊन घेऊन नाई राह्यली हे? दोन्ही पिशव्याच तं आहेत ना!" धर्मेंद्र वैतागला.

मयुरीनं काळी खिडकी उघडली. माझं नाव लिहिलं आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. तुला काय काय येतं, असं मला तिथे कुणी कधी विचारलंच नव्हतं! मी घडाघडा सांगितलं. तिनं ती लांबलचक यादी पडद्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली. माणसात एवढा धीर असतो? मी थक्क झालो. यादीतच होतं, दोन्ही पत्ते एकदम दिले तर मी दोघींसाठी एकच पिशवी घडवतो. तिनं एक ओळ लिहिली. तिच्या डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं होतं.

आता नवी साधनं आलीत. मला कुणी हाक मारत नाही, रागही नाही. पण त्या सोमवारी मयुरीनं माझ्या शेजारच्या फोनवरून आष्टीला लावलेला फोन अजून कानात आहे.

"बाबा, जयाले घेऊन या. पिशवी ठेवली हाये, तिच्याच नावानं."



"मंग आज उपाशी नाई पयत," तानबा म्हणाले. "पोरीले जेवू घालतो अन् निघतो."