क्रूस हातात धरून सांगितलेलं

लेकीला आंघोळ घालायचं काम माझ्या नवऱ्याने संगतीतून घरी आणलं.

संगत म्हणजे शनिवारी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसणारी पुरुषमाणसं. लग्न झालेली, पोरंबाळं असलेली आणि घरात कुठे ना कुठे अडलेली. खुर्च्या गोल मांडायच्या आणि एक साधा लाकडी क्रूस हातोहात फिरवायचा. ज्याच्या हातात क्रूस, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. बोलून झालं की त्याने क्रूसाचा मुका घ्यायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं, ‘इथलं इथेच राहो.’ मग उठताना प्रत्येकाने घरातलं एक काम आपल्या अंगावर घ्यायचं आणि ते प्रार्थनेसारखं नेमाने करायचं.

त्याला तिथे नेलं आमच्या शेजारच्या टेलरभाऊंनी. बाप्तिस्म्यात माझ्या लेकीचे धर्मपिता झाले तेच. त्यांची बायको माझ्याकडे येऊन हसायची. म्हणायची, ‘तुझा आंघोळ तरी घालतो गं. आमच्याने काय घेतलंय ठाऊक आहे? म्हणे, घोरणार नाही. हे काय काम झालं?’

मीच नवऱ्याच्या मागे लागले होते, जा म्हणून. लेक झाल्यापासून तो गप्प गप्प झाला होता. वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर आहे तो. केसाएवढा फरक बोटाने ओळखेल, पण पोर हातात दिली की घामाघूम. सासूबाई म्हणायच्या, ‘लोखंड लोण्यासारखं कापतो आणि लेक गाठोड्यासारखी धरतो.’ तो हसायचाही नाही. कामावरून येऊन भिंतीकडे बघत बसायचा. माझं बाळंतपण अवघड गेलं होतं, टाके भरत नव्हते, आणि रात्र रात्र ती रडायची तेव्हा मला वाटायचं, या घरात मी एकटीच आई आणि एकटीच बापही.

संगतीने तो माणसात आला, हे मी आजही नाकारणार नाही. पहिल्या शनिवारी त्याने कोपर बुडवून पाणी किती ऊन आहे ते बघितलं, पुन्हा थंड घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. लेथवर लोखंड चढवताना बघतो तसं मान वाकवून. डावा तळवा तिच्या मानेखाली, उजव्या हाताने पाणी. आणि बारीक आवाजात मरियामातेचं गीत. सूर धड नाही, पण ती मान वळवून त्याच्याकडे बघायची. आवाज थांबला की ओठ मुडपायची. मी आतल्या खोलीत आडवी व्हायचे. आंघोळीएवढीच झोप मिळायची, पण तशी झोप मी कुठल्याच रात्री झोपले नाही.

मग ईस्टरआधीचा उपवासकाळ आला आणि त्याने स्कूटर झाकून ठेवली. वर्कशॉपला पायी जायला लागला. मी साखर सोडली होती. मला वाटलं, याने स्कूटर सोडली. आमच्यात कुणी काय सोडलं हे विचारत नाहीत. त्याग हा देवाच्या आणि आपल्या मधला. उजव्या हाताचं डाव्याला कळू द्यायचं नसतं. उलट मला अभिमानच वाटला. एकदा त्याची जीभ चावल्यासारखी सुजली होती, जेवताना डोळ्यांत पाणी आलं. एकदा कानामागे टेंगूळ होतं. मशीनचं हँडल लागलं म्हणाला. मी हळद लावून दिली. थकलाय बिचारा, असं मनात म्हटलं, आणि लेकीला पाजायला बसले.

त्या शनिवारी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. त्याने टब भरला. मी पडले. गीताचा आवाज येत होता, अर्ध्या झोपेत मी त्याच्याबरोबर शब्द लावत होते. मधेच एका ओळीवर आवाज थांबला. मला वाटलं, श्वास घेत असेल. मग वाटलं, लेक हसली असेल, तिच्याकडे बघत असेल. अंथरूण इतकं ऊबदार होतं. मग बादलीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि येतच राहिला.

न्हाणीत तो फरशीवर पडला होता. डोळे वर, तोंडाला फेस, आणि टाच बादलीवर आपटत होती. लेक टबात होती. पालथी.

मी तिला कशी उचलली आठवत नाही. ती निळी होती, आणि इतकी मऊ की माझ्या हातातून निसटत होती. उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं. टेलरभाऊंची बायको माझी किंकाळी ऐकून आली आणि तिनेच मग सगळ्यांना हाका मारल्या. दवाखान्याच्या वाटेवर गाडीत ती एकदा खोकली. रडली नाही. खोकली फक्त.

तिला आत नेलं. नवऱ्याला दुसऱ्या खोलीत निजवलं होतं. तो शुद्धीवर आला होता पण शब्द जुळत नव्हते, मला ‘पाणी बघ, पाणी’ एवढंच म्हणत होता. डॉक्टरीणबाई त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, आकडी पहिल्यांदाच आली का. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

‘नाही,’ माझ्या मागून टेलरभाऊ म्हणाले. ‘याआधीही आलीय.’

बोलले आणि त्यांनी स्वतःचाच हात तोंडावर ठेवला. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं. तिलाही ते नवीनच होतं.

बाहेरच्या बाकावर त्यांनी मला सगळं सांगितलं, मान वर न करता. उपवासकाळाच्या आधीच याने क्रूस हातात धरून सांगितलं होतं. डोळ्यापुढे अंधारी येते, मग काही कळत नाही. एकदा रस्त्यात, स्कूटर उभी करताकरता. एकदा वर्कशॉपच्या मागे. तेव्हा कुणी पाहिलं नाही. साहेबाला कळलं तर मशीनवरून काढतील. बायको अजून बरी नाही. उपवासकाळ संपला की डॉक्टरला दाखवतो. सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. रोज एकेकजण त्याच्यासाठी उपास करत होता. आणि त्याच माणसांनी, तो लेकीला आंघोळ घालतो हे ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या.

‘तुम्ही तिचे धर्मपिता आहात, भाऊ,’ मी म्हटलं. ‘स्नानसंस्काराच्या दिवशी मेणबत्ती तुम्ही धरली होती.’

‘वहिनी, क्रूस हातात धरून बोललेलं... ते पापनिवेदनासारखंच ना. आम्ही कसं मोडणार?’

तोवर संगतीतले आणखी काहीजण आले होते आणि भिंतीला लागून उभे राहून जपमाळ म्हणायला लागले होते. खाली मान, हळू आवाज. चांगली माणसं होती. म्हणून तर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

फादर आले ते थेट माझ्याजवळ. मी त्यांना एवढंच विचारलं, की क्रूस हातात धरून बोललेलं पापनिवेदन होतं का. फादर टेलरभाऊंकडे वळले. म्हणाले, ‘पापनिवेदनाचं मौन ते ऐकणाऱ्या याजकाचं असतं. ते तुम्हाला कुणी दिलं?’

‘तुम्हीच तर म्हणालात, फादर. संगतीतलं बाहेर जाता कामा नये.’

‘मी चहाडीबद्दल बोललो होतो.’

‘आम्हाला तसं कुठे कळलं,’ टेलरभाऊ म्हणाले.

फादर माझ्याशेजारी बाकावर बसले. जपमाळ मधेच थांबली होती. ती पुन्हा कुणी सुरू केली नाही.

लेक जगली. घरी आणली तेव्हा सासूबाईंनी दृष्ट काढावी तशी तिच्यावरून नुसता हात फिरवला आणि आत जाऊन रडल्या. मेंदूला हवा कमी पडली होती म्हणे. किती इजा झाली ते आत्ता सांगता येणार नाही, मोठी होईल तसं कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मान धरते का, बसते का, आवाजाकडे वळते का, बघत राहा. तेव्हापासून मी बघतेच आहे. ती दूध पिते. झोपते. मी खुळखुळा वाजवते तेव्हा ती छताकडे बघत असते.

वर्कशॉपने नवऱ्याला लेथवरून काढून गोदामात बसवलं. ज्या भीतीने तो गप्प राहिला, ती गोष्ट एका सकाळीत होऊन गेली आणि आम्हाला तिचं काहीच वाटलं नाही. गोळ्या वेळेवर घेतो. बाहेरच्या खोलीत झोपतो. लेकीला हात लावत नाही. ती रडली तर दारापर्यंत येतो आणि चौकटीला धरून उभा राहतो, आत यायचं नाही असा जणू हुकूम असल्यासारखा.

एकदाच मी विचारलं. मला का नाही सांगितलंस?

‘तू किती दिवसांनी झोपायला लागली होतीस,’ तो म्हणाला. ‘मला तुझी झोप मोडायची नव्हती.’ आणि मग, ‘सकाळी कधीच येत नव्हती गं. थकल्यावरच यायची.’

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. दूध उतू जात होतं, ते उतरवायला गेले.

संगत काही दिवस बंद होती. मग एका शनिवारी हॉलचं दार उघडं दिसलं, आणि मी लेकीला शालीत गुंडाळून आत गेले. बायका तिथे जात नाहीत. खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला, सगळे उभे राहिले. कुणीतरी क्रूस माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

‘मला बोलायचं नाही,’ मी म्हटलं. ‘हिच्याकडे बघा फक्त. आणि जे घरी सांगायला हवं, ते आज घरी जाऊन सांगा. प्रार्थना मग करा.’

मी लेकीला घेऊन एकेका खुर्चीसमोरून गेले, प्रत्येकापुढे क्षणभर थांबले. तिला काहीच कळत नव्हतं. ती आपली मूठ चोखत होती. टेलरभाऊंसमोर आले तेव्हा त्यांनी तिच्या पायाला हात लावला आणि मोठ्याने रडायला लागले. त्यांच्यापलीकडे बसलेला एक दांडगा माणूस, गवंडी असावा, हातांना चुना होता, तो उठला, टोपी घेतली आणि कुणाशी न बोलता दाराबाहेर पडला. त्याच्या घरी काय होतं मला ठाऊक नाही. तो घाईने घराच्या दिशेने गेला एवढं मी पाहिलं.

परत आले तर नवरा दारातच. मी कुठे गेले होते हे त्याला कळलं होतं. मी टब काढला. त्या दिवसापासून तो पलंगाखाली पालथा पडला होता, सासूबाई लेकीला ओल्या फडक्याने पुसून काढत होत्या. टब बघितल्यावर नवरा मागे सरला.

‘बस,’ मी म्हटलं. ‘खाली बस, भिंतीला टेकून. तुला पाण्याला हात लावायचा नाही. टॉवेल धर.’

तो बसला. मांडीवर टॉवेल पसरला. टेलरभाऊंची बायको येऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहिली. मी बोलावलं होतं तिला; यापुढे दर आंघोळीला आमच्याशिवाय कुणीतरी तिसरं असणार, हे मी ठरवून टाकलं होतं. ती आज हसली नाही, नुसती पदर खोचून उभी राहिली.

मी कोपर बुडवून पाणी किती ऊन आहे ते बघितलं. लेकीला पाण्यात धरलं. पाणी अंगाला लागताच ती आकसली, मग सैल झाली. मी भरभर आटोपलं आणि ओलीच तिला त्याच्या मांडीवर ठेवली. माझा हात तिच्या मानेखालून काढला नाही. त्याने टॉवेल तिच्यावर घेतला. आमचे दोघांचे हात एकमेकांवर आले.

‘म्हण,’ मी म्हटलं.

त्याला कळलं. त्याने सुरू केलं, सूर पहिल्यासारखाच बेसूर. ती छताकडे बघत होती. त्या दिवशी जिथे थांबला होता त्या ओळीवर येऊन त्याचा आवाज अडकला. मला त्या ओळीपुढे बादलीचा आवाज ऐकू आला. त्यालाही आला असणार.

‘पुढे म्हण,’ मी म्हटलं.

त्याने ओठ उघडले. तिची मान आवाजाकडे वळते का, ते आम्ही दोघंही बघत होतो.