तात्यांच्या लाल चिठ्ठ्या

हँगरमध्ये त्यांना सगळेच तात्या म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. सव्वीस वर्षं विमानांच्या वायरिंगमध्ये हात घालून बसलेला हा माणूस आज मात्र घामाघूम झाला होता. नव्या प्रकारच्या विमानाच्या दुरुस्तीची परीक्षा होती. एकदा आपटलेच होते. पुन्हा आपटले की रवानगी थेट स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजायला.

परीक्षक मॅडमनी प्रश्न तसा साधा दिला होता. उंचीचा आकडा पडद्यावर येत नाही, दोष शोधा.

तात्यांची पद्धत ठरलेली. जुन्या विमानात प्रत्येक उपकरणाचा डबा आपापल्या तारेवर आपली माहिती अखंड बडबडत असतो, कोणी ऐको न ऐको. म्हणून बाकी सगळ्यांचे ब्रेकर पाडून वीज तोडायची आणि संशयित डब्याला टेस्टर लावायचा. गप्प असला की मेला. वर लाल चिठ्ठी चिकटवायची, दुसरा बसवायचा.

त्यांनी तसंच केलं. डबा गप्प. लाल चिठ्ठी. दुसरा बसवला, तोही गप्प. तिसरा सीलबंद खोक्यातून काढला, तर तोही मुका! तात्यांचं डोकंच चालेना. टेस्टर तपासला, ठणठणीत. तार तपासली, ठणठणीत. मग आपणच बिघडलो की काय, असं त्यांना खरोखर वाटलं.

मॅडम तासभर स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या.

"मॅडम, तुम्ही काहीच बोलत नाही," तात्या शेवटी वैतागले.

"तुम्ही कुठे काय विचारलंत?"

"बरं, आता विचारतो. हे तिघं मुके का?"

"त्यांनाही कोणी विचारलं नसेल."

उजेड पडायला दोन मिनिटं लागली. या विमानात सगळे डबे एकाच तारेवर असतात, आणि कंट्रोलर नावाच्या मुख्य डब्याने एकेकाला विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. तात्यांनी हे चांगलं घोकलं होतं. आणि कंट्रोलरचा ब्रेकर त्यांनी स्वतःच्या हाताने पाडला होता!

ब्रेकर आत दाबताच डबा बोलू लागला. पडद्यामागचा सैल प्लग मग दहा मिनिटांत सापडला.

"उशिरा का होईना, जमलं," मॅडमनी सहीसाठी पेन काढलं. "आणखी काही सांगायचंय?"

तात्यांनी डब्यावरच्या लाल चिठ्ठीकडे पाहिलं. गेल्या महिन्यात स्टोअरच्या टेबलावर याच प्रकारच्या विमानाचे पाच डबे त्यांनी असेच एकेकटे तपासले होते. पाचही मुके. पाच लाल चिठ्ठ्या. डबे ओलीत ठेवलेस म्हणून साहेबांनी स्टोअरकीपरला सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि तात्यांनीही मान डोलावली होती.

"मॅडम, ते पाच डबे चांगले आहेत हो," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. "मला खरंच वाटलं होतं की ते मेलेत. आत्तापर्यंत वाटत होतं."

मॅडमनी पेनला टोपण लावलं. "आधी त्या चिठ्ठ्या काढून या."

तात्या तडक स्टोअरमध्ये गेले. सगळं ऐकून स्टोअरकीपरने पाचही डबे स्वतःच फळीवरून खाली काढले आणि विचारलं, "तुमचं काय झालं? पास की नापास?"

तात्या चिठ्ठी खरवडता खरवडता थांबले.

"विचारायचं राहिलंच की रे," ते म्हणाले.