भिंतीचे आठवडे

शाळेमागची टेकडी एका उंच भिंतीने धरून ठेवली होती आणि त्या भिंतीला भेग पडली होती. पालिकेचा मोजणीदार, ज्याला सगळे मामा म्हणत, भेगेला पट्टी लावायचा आणि आकडा तारखेसकट कार्यालयात पाठवायचा. त्या आकड्यांपुढे आठवड्याच्या क्रमांकाचा रकाना घालून आलेख काढायचं काम तिथल्या कारकून बाईच्या गळ्यात पडलं. तिची लेक त्याच शाळेत दुसरीत होती, त्यामुळे कुरकुर करायचं काही कारणच नव्हतं.

तिने पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन लिहिलं आणि माउसने रकाना सरळ खाली ओढला; पुढे तीन, चार, पाच आपोआप भरत गेले. संगणकाला काय, न्याल तिकडे येतो. आलेखाची रेघ निघाली अगदी गरीब गाय, हळूहळू चढणारी.

"बघा, उगाच घाबरत होतात," साहेब मागून म्हणाले. "आठवड्याला केसभर सरकतेय. सुट्टीत करू दुरुस्ती. पाठवून द्या."

तिचा जीव भांड्यात पडला. पाठवता पाठवता सहज तारखांवर नजर गेली आणि तोच जीव घशाशी आला. सुरुवातीला मामा आठवड्यातून एकदा मोजत होता. मग दोनदा. अलीकडे तर रोज. आणि तिने प्रत्येक ओळीला एक अख्खा आठवडा बहाल केला होता!

तिने रकाना पुसला. तारखांवरून खरे आठवडे काढले, एका आठवड्यातल्या सगळ्या ओळींना एकच क्रमांक दिला. रेघ शेवटाकडे आली आणि भिंतीसारखी उभी राहिली.

तिने मामाला फोन लावला. "रोज का मोजत होतात, मामा?"

"भीती वाटायला लागली होती, ताई. साहेबांना म्हटलंही. ते म्हणाले, आकडे पाठव, गोष्टी सांगू नकोस."

तिने साहेबांकडे पाहिलंही नाही. "आत्ता कुठे आहात?"

"भिंतीपाशीच. आज पट्टी पुरत नाहीये बघा."

"टाका ती पट्टी! धावत जा, शाळेची घंटा वाजवा. सगळ्यांना रस्त्यापलीकडे न्या!"

फोन चालूच होता. आधी मामाची धाप ऐकू आली, मग घंटा. पोरांना वाटलं, शाळा लवकर सुटली. सगळी पोरं आनंदाने किंचाळत बाहेर पडली. तिने फोन कानात रुतेल इतका दाबून धरला, पण त्या गलक्यात तिला लेकीचा आवाज काही ओळखता येईना.